देवळापाशी वळलेली वाट

बर्फ थांबला त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सलग बर्फाच्या अकराव्या दिवशी, बाबा माझ्यावर मुळ्याच्या लोणच्यावरून रागावले होते. मी मुळा फार पातळ कापते असं त्यांचं म्हणणं.

"यातून पलीकडचं दिसतं," एक चकती खिडकीसमोर धरून ते म्हणाले. "तुझ्या आईचं लोणचं दाताखाली वाजायचं."

"वाजायला आता दात किती उरलेत, बाबा?"

"तीन. पण तिघंही कामाचे आहेत."

आम्ही दोघं कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईखाली पाय घालून समोरासमोर बसलो होतो. मी वाचत होते. ते पेंढ्याची दोरी वळत होते. दोरी फुमिदावारासाठी होती. फुमिदावारा म्हणजे पेंढ्याच्या दोन मोठ्या टोपल्या. त्यांत पाय घालायचे, वरची दोरी हाताने ओढून पाय उचलायचा आणि बर्फावर दाबून ठेवायचा. पावलाशेजारी पाऊल टाकत असं चाललं की मागे माणसाला चालता येईल अशी घट्ट वाट होते. आमच्या दारापासून देवळापर्यंत आणि देवळापासून खाली बसथांब्यापर्यंतची वाट चाळीस हिवाळे बाबांनी तुडवली होती. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून मनाई केली आणि ते काम माझ्याकडे आलं.

"तुम्हाला मनाई आहे," मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं.

"दोरी वळायला मनाई नाही. तू तुडवलेल्या वाटेवरून ससासुद्धा पाय मुरगळून घेईल. शेजारची तोमेयो म्हणत होती."

"तोमेयोआजींना सांगा, स्वतः तुडवा."

"ती ब्याऐंशीची आहे."

"तुम्ही शहात्तरचे आहात."

"म्हणजे तरुणच की," ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

त्या हसण्याचा मला कंटाळा आला होता, हे इथे लिहायला हवं. त्या हसण्याचा, खोकल्याचा, दुपारी चालू राहणाऱ्या रेडिओचा, हाताला येणाऱ्या पेंढ्याच्या वासाचा. आई गेल्यावर यामागाता शहरातली ग्रंथालयाची नोकरी सोडून मी परत आले, तो हा दुसरा हिवाळा. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून आले आणि आल्याचं मनातल्या मनात त्यांच्या नावावर लिहीत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घरात वेगळाच उजेड होता. बर्फ थांबला होता. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात निळं आकाश दिसत होतं.

"खाली दुकानात जाऊन तुमच्या गोळ्या घेऊन येते," मी म्हटलं. "यायला वेळ लागेल."

गोळ्या अजून चार दिवसांच्या होत्या. बाबांनाही ते ठाऊक असणार, डबी त्यांच्याच उशाला असते.

"वाट?"

"येताना तुडवते. तुम्ही बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"संत्रं घेऊन जा," ते म्हणाले. घरात शेवटचं एकच उरलं होतं. "वाटेत घसा सुकतो."

मी बुटांना कांजिकी बांधल्या, म्हणजे पाय रुतू नयेत म्हणून बांधायची लाकडी कडी, आणि निघाले. देवळापर्यंत सरळ गेले. तिथून उजवीकडे उतरलं की बसथांबा, डावीकडे चढलं की देवदारांची रांग आणि तिच्यावर बुनाच्या झाडांचं जंगल. देवळापाशी मी एकदा मागे वळून पाहिलं. आमच्या छतातून धूर सरळ वर जात होता. मी डावीकडे वळले.

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. याला मी अजूनही दुसरा शब्द शोधू शकलेले नाही.

देवदारांखाली काळोख होता. त्यातून बाहेर आले आणि बुनाची करडी खोडं उन्हात उभी दिसली. प्रत्येक खोडाला एकाच बाजूने बर्फ चिकटला होता, वारा कुठून आला ते सांगत. सावल्या निळ्या होत्या. माझ्या पायाखाली बर्फ दबताना बटाट्याच्या पिठासारखा करकरायचा, आणि मी थांबले की काहीच ऐकू यायचं नाही. मग कुठेतरी एक फांदी ओझं टाकायची, पांढरी भुकटी उन्हात तरंगत खाली यायची आणि पुन्हा शांत. सशाचे ठसे एका झाडापासून दुसऱ्याकडे गेले होते. एका ठिकाणी ते अचानक संपले होते आणि दोन्ही बाजूंना बर्फावर पंखांची पिसं फुलीसारखी उमटली होती. मी ते बराच वेळ बघत बसले. चढावर एक कामोशिका, म्हणजे रानबकरी, उभी होती, काळी, झुपकेदार, आमच्या गावातल्या कुठल्याही म्हातारीसारखी गंभीर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी काही विशेष नाही असं ठरवून झाडाची साल चघळत राहिली. मी मोठ्याने हसले. मग उताणी पडले आणि आकाशाकडे बघत राहिले. मला हाक मारणारं कुणी नव्हतं. चहा हवाय का, खिडकी कुणी उघडी ठेवली, आज वार कोणता, काही नाही.

उतरताना मी गुणगुणत होते. रेडिओवर सकाळच्या व्यायामाला वाजते ती धून. रोज सकाळी तिचा मला वैताग यायचा.

देवदारांच्या जरा वर मी थांबले.

समोर वाट होती. माझ्या कांजिकीच्या ठशांवरून, त्यांना झाकत, टोपलीएवढी गोल पावलं वर आली होती. शेजारी शेजारी, कडा नीट दाबलेल्या, मधे बोटभरही फट नाही. त्या जागेपर्यंत येऊन ती वाट संपली होती. म्हणजे बाबा तिथवर आले होते आणि परत फिरले होते. वाट जाताना एकदा आणि येताना एकदा तुडवायची असते, नाहीतर टिकत नाही.

देवळापाशी माझे ठसे दुकानाकडे गेलेले नाहीत हे त्यांनी पाहिलं होतं. पाहून ते माझ्यामागे वळले होते.

मी गुणगुणणं थांबवलं. मला भीती वाटली नाही, काळजी वाटली नाही. चोरी करताना पकडल्यासारखं झालं आणि लगेच राग आला. एक सकाळसुद्धा मिळू नये मला? ते खाली कुठेतरी उभे असतील, दोरी हातात धरून, आणि म्हणतील, "गोळ्या आज जंगलात मिळतात वाटतं?" आणि खोकला येईपर्यंत हसतील. ते हसणं मला तेव्हा नको होतं.

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. आणि मी मागे फिरले. पुन्हा वर चढले, एका बुनाच्या बुंध्याशी बर्फ बाजूला करून बसले आणि संत्रं सोललं. एकेक फोड वेगळी केली, तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा काढल्या, मगच खाल्ली. थांबतील तेवढे थांबतील, कंटाळून घरी जातील, असा हिशेब होता. सालं खिशात टाकली. साडेबाराला उठले.

बाबा पहिल्याच वळणावर होते. मी जिथून मागे फिरले होते तिथून साठ पावलांवर. नंतर मी मोजली. देवदाराला टेकून बसले होते, पाय टोपल्यांत, दोऱ्या दोन्ही मुठींत. टोपी कपाळावर सरकली होती. झोप लागल्यासारखे दिसत होते, घरी रेडिओपुढे दिसायचे तसे.

देवळापासून खाली, बसथांब्याकडे, बर्फाला कुणाचाच पाय लागला नव्हता.

आमच्या वस्तीत चारच घरं, सगळ्यांतली माणसं आली. बाबांना त्यांच्याच वाटेवरून खाली नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचं कधी पाहिलंत?" मी म्हटलं, नऊ वाजता. ते म्हणाले, जीव गेला तो अकरा ते साडेबाराच्या मधे कधीतरी, त्याहून जास्त सांगता यायचं नाही. मी पुढे विचारलं नाही.

तोमेयोआजी चुलीशी बसून सगळ्यांसाठी भात शिजवत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू वर कशाला गेली होतीस गं?"

"पाणी बघायला," माझ्या तोंडून निघालं. "नळाला धार बारीक झाली होती. वाटलं, झऱ्यावरच्या नळीत बर्फ अडकला असेल."

"चारही घरांचं पाणी," आजी म्हणाल्या आणि डोळे पुसले. "आणि तो तुझ्यासाठी वाट तुडवत आला. असा बाप आणि अशी लेक."

रात्री कोट टांगताना खिशातली सालं हाताला लागली. मी ती चुलीत टाकली. घरभर वास सुटला.

ती गोष्ट मग गावात राहिली. जो तो मला तीच सांगायचा. पोस्टमन म्हणाला, तुमच्यासारखी मुलगी हवी. खालच्या दुकानातल्या बाईंनी पैसे न घेता संत्र्यांची पिशवी दिली. मी वाकून आभार मानले आणि घरी येऊन ती बाबांच्या तसबिरीपुढे ठेवली. संत्री मऊ पडली, एका बाजूने हिरवी झाली. ती खायचं काही मला जमलं नाही आणि टाकायचंही.

बाबा गेल्याचा आज एकोणपन्नासावा दिवस. आज त्यांना निरोप द्यायचा. भिक्षू अकराच्या बसने येणार, म्हणून सकाळी मी बाबांच्या फुमिदावारा काढल्या. एका टोपलीला त्यांनी जायच्या आदल्या दिवशी वळलेली नवी दोरी होती. रात्रीतून दोन वीत बर्फ पडला होता, मार्चमधला जड बर्फ. मी पावलाशेजारी पाऊल टाकत देवळापर्यंत गेले, तिथून थांब्यापर्यंत, आणि मग तुडवत परत आले. देवळापाशी तोमेयोआजी काठी टेकवत उभ्या होत्या, पाठीवर शाल, हातात झाकलेलं भांडं.

"तुझ्या बापाला दाखवायला हवं होतं," वाट बघून त्या म्हणाल्या. "ससासुद्धा नीट चालेल."

"तुम्ही कशाला आलात एवढ्या बर्फात?"

"उडीद भिजवून आणलेत तुझ्यासाठी. आणि एक सांगायचं होतं. मघाशी खालच्या घरातला भेटला. जेवणाआधी तो चार शब्द बोलणार आहे. तू पाण्यासाठी वर गेलीस, तुझा बाप किहाची तुझ्यासाठी गेला, असं. सगळ्यांसमोर, तसबिरीपुढे. तू लाजशील म्हणून आधी सांगते. मान खाली घालून ऐकून घे, उत्तर द्यायला लागत नाही."

मी डावीकडे पाहिलं. देवदारांकडे जाणाऱ्या चढावर बर्फ गुळगुळीत पडला होता. त्याखाली, सात आठवड्यांच्या थरांखाली, ती गोल पावलं अजून असणार. घट्ट तुडवलेला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो.

"आजी, त्यांना बोलू देऊ नका."

"का गं? चांगलंच बोलणार आहे तो."

माझे पाय अजून टोपल्यांतच होते. दोऱ्या हातातून सुटेनात.

"मी पाणी बघायला गेले नव्हते," मी म्हटलं. "नळाला चांगली धार होती. बाबांना मी गोळ्या आणते म्हणून सांगितलं आणि नुसती फिरायला गेले. त्यांची वाट मला वरून दिसली होती, आजी. ते खाली आहेत हे मला कळलं होतं. भेटायला लागेल म्हणून मी मागे फिरले आणि पाऊण तास झाडाखाली बसून संत्रं खाल्लं. आणि त्या दिवशी, त्यांची वाट दिसेपर्यंत, मला फार छान वाटत होतं."