गरम पाण्याची परीक्षा

वैद्यबुवांचा हात लवकर उठायचा, हे त्यांच्या लेकीला पाढे येण्याआधीपासून ठाऊक होतं. त्यांचं औषध कडू आणि तोंड त्याहून कडू. पण प्रयोगशाळेत, तिच्या स्वतःच्या टेबलापाशी, तो हात उठेल असं तिला वाटलं नव्हतं.

सकाळी तिने कत्तलखान्यातून मेंढीचं जठर आणलं, चिरलं आणि त्यातले वळवळणारे जंत खाऱ्या पाण्याच्या बश्यांमध्ये सोडले. वर बाबांच्या मुळीचा काढा ओतला. या मुळीपायी म्हाताऱ्याने चाळीस वर्षं डोंगर पालथे घातले होते, आणि आज ते स्वतः बघायला आले होते. अर्ध्या तासात एकही जंत हलेना. मेले, लिही, असं बुवा म्हणाले.

पण काम इथे संपत नव्हतं. निपचित पडलेला जंत मेलेला असतोच असं नाही. त्याच्यावर पन्नास अंशाचं पाणी ओतायचं. तरीही हलला नाही, तरच मेला. ती थर्मास उघडू लागली तेव्हा बुवांनी तिचं मनगट धरलं. परवा मेंढपाळांची बैठक होती. वहीत 'मेले' असलं की ते जंतांच्या गोळ्या बंद करून हाच काढा पाजणार होते. जंत नुसते गुंगले असतील, तर महिन्याभरात कोकरं माना टाकणार. तिने हे सांगितलं. बापाला अक्कल शिकवतेस, एवढंच म्हणून त्यांनी लोखंडी स्टँड उचलला.

फटका कानशिलावर बसला. टेबलाची कड कपाळात घुसली, बश्या फुटल्या, ती काचांवर कोसळली. दुसरा बरगडीवर आला. तिसऱ्याआधी तिने अंग सैल सोडलं. लहानपणी शिकलेली युक्ती होती ती. हललं नाही की मार थांबतो.

थांबला. बुवांनी तिला पायाने ढोसलं. आता घाबरतील, हाक मारतील, असं तिला वाटलं. चाळिशीच्या बाईला असं वाटावं याची लाज तिला नंतर वाटली. बुवा तिला ओलांडून वहीकडे गेले आणि वाकून लिहू लागले.

मग मात्र तिचं डोकं फिरलं. ती उठली, डोळ्यांवरचं रक्त बाहीने पुसलं आणि थर्मास उघडून त्यातलं निम्मं पाणी त्यांच्या लिहित्या हातावर ओतलं. बुवा ओरडून मागे सरले. उरलेलं पाणी तिने वाचलेल्या एकुलत्या बशीत ओतलं. आधी एक जंत वळला, मग दुसरा, मग बशीभर वळवळ सुरू झाली.

"बाबा, मेलंय कोण आणि नुसतं पडलंय कोण, हे तुम्हाला कधी कळलंच नाही," ती म्हणाली.

तिने ओल्या पानावरचं 'मेले' खोडून 'जिवंत' लिहिलं, खाली सही केली. मग लाल झालेला हात धरून उभ्या असलेल्या बापासमोरच पोलिसांना फोन लावला.