पत्र्याची गिटार

केळव्याच्या वाटेवर मी स्कूटर दोनदा थांबवायला लावली. एकदा पदर चाकात जाईल म्हणून आणि एकदा नुसतीच. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या ह्यांचं मात्र मजेत चाललं होतं. मागचा टेम्पो हॉर्न वाजवून थकला तरी हे साइड देईनात. मी पाठीत गुद्दा घातला तेव्हा कुठे सरकले.

हे म्हणजे विक्रम, माझे मालक, बोईसरला एमआयडीसीत पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर. साताऱ्याहून आले तेव्हापासून दिवसभर कानाशी धाडधाड. कानात बोळे घाला म्हणून मी घसा फोडला, पण ऐकतील तर शपथ. आता टीव्ही असा लावतात, की पाम गावात आमच्या खालच्या बिऱ्हाडाला बातम्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत. पण कान गेलेत म्हणायची सोय नाही. "तूच पुटपुटतेस," म्हणतात.

जुनी गिटार होती तेव्हा भजनी मंडळात वाजवायचे, आणि घरी रोज. आणि बसायचे कुठे, तर स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे तोंड करून, पाय पसरून. घरात दुसरी जागा नव्हती का? मी गरम तवा घेऊन ते पाय ओलांडायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. दिवाळीनंतर ती गिटार खुंटीला लागली. ऐकूच येईना म्हटल्यावर काय करतील? त्यानंतर हा माणूस जेवायला तोंड उघडायचा, बोलायला नाही.

मग कुठेतरी फोनवर ह्यांना रेझोनेटर गिटार दिसली. तिच्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. तार छेडली की वाटी थरथरते आणि वायर न जोडताही आवाज मोठा येतो.

"दिवसभर पत्रा बडवता, आता घरीही पत्राच आणा," मी म्हटलं.

हे हसले. किती दिवसांनी हसले! मी तिथेच ठरवलं, या वेळी मोडता घालायचा नाही. ही गिटार फसली तर हे पुन्हा तारेला हात लावणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

केळव्याचे आत्माराम एके काळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आता सुपारीच्या वाडीत पाहुण्यांना खोल्या देतात. बोटं वळेनाशी झाली, म्हणून दोन रेझोनेटर विकायला काढल्या होत्या. एक लाकडी अंगाची, एक सगळीच स्टीलची.

"वाजवून बगा. घाय नाय. आमी काय पळून जात नाय," ते म्हणाले.

मुलगी बघायला आल्यासारखी ह्यांनी दोघींची पारख केली. गिटारची मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते बघितलं, खुंट्या फिरवल्या, वाटीवरच्या झाकणावर टकटक केली, एकेका पट्टीवर तार दाबून वाजवली. लाकडी गोड होती.

"कशी?"

"छान."

मग स्टीलची घेतली. आवाज असा, की सुपारीवरचा कावळा उडाला. पण बारीक तारेला बोट लागलं की आत काहीतरी तडतडायचं, उकळत्या भातावर झाकण वाजतं तसं. माझे दात आंबले, तरी मी हसून घेतलं. हे पुन्हा तीच तार वाजवत माझ्याकडे बघायला लागले. मी आणखी हसले. पुन्हा तीच तार. गाल दुखले तरी हसू सोडलं नाही.

"कशी?"

"फारच छान!"

"हीच देऊन टाका," म्हणून ह्यांनी पैसे पाठवायला फोन काढला.

गप्प बसले तर भजनी मंडळात सगळे हसणार, आणि ह्यांना कळणारही नाही. बोलले तर परक्या माणसासमोर ह्यांच्या कानांचा पंचनामा. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

"अहो, तडतडतेय ती!"

आत्मारामांनी गिटार घेतली, झाकण दाबून तार छेडली. "खरं हाय. खाऱ्या हवेनं आतली वाटी चिरली आसंल. इतक्यात वाजवलीच नाय ना."

हे माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, घाबरून.

"मग मघाशी हसत का होतीस?"

"तुमचं मन मोडू नये म्हणून."

"अगं, मी तुझ्या तोंडाकडे बघूनच तर वाजवत होतो. बारीक तारा मला ऐकू येत नाहीत. दोन वर्षं झाली. तुझं तोंड वाकडं झालं की कळतं, तार उतरलीय."

मला ते स्वयंपाकघराचं दार आठवलं. लाज वाटली, आणि संतापही आला. एवढं मनात ठेवून हा माणूस रोज माझ्याकडे बघत बसला, आणि मी समजत होते लक्ष भाजीवर आहे.

ह्यांनी लाकडी गिटार मांडीवर घेतली, छातीशी टेकवली. "आता मुद्दाम हसू नकोस. जाड तारा माझ्या बरगडीत लागतात. बारीक तारा तुझ्या वाटणीला."

मी समोर बसले. आधी जाड तारा वाजल्या, मग बारीक. सगळ्या स्वच्छ, एकही अडखळली नाही. माझे ओठ थरथरले, डोळे भरले. चेहरा कसा झाला होता देव जाणे.

ह्यांचे हात थांबले.

"ही पण बाद?"

"नाही हो," मी ओरडून सांगितलं. "हीच. वाजवा तुम्ही, थांबू नका."