मिनिट की मिल

नेमबाजी क्लबच्या मिस्त्रीने दोन दुर्बिणी टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "बोला, मिनिट की मिल?"

वहिनीच्या रायफलीवरची दुर्बीण आतून धुरकटली होती आणि जोडीची स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती. नेम धरायची वहिनी. शेजारी पालथी पडून मोठ्या दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगायची तिची नणंद, धाकटी. वहिनीच्या दुर्बिणीवरची नेम सरकवायची चकती मिनिटांत फिरायची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात. धाकटीच्या दुर्बिणीतल्या रेघा मात्र मिलच्या. एक मिल म्हणजे जवळजवळ साडेतीन मिनिटं. म्हणून दर गोळीला धाकटीने मिल बघायचे, मनात गुणाकार करायचा आणि मिनिटं सांगायची. चार वर्षं असंच चाललं होतं.

"त्यात विचारायचं काय? मिनिटच," वहिनी म्हणाली. "हाताला सवय आहे. आणि गुणाकाराला आमची धाकटी आहे की. औषधांच्या दुकानात बसते, आकड्यात चुकायची नाही."

धाकटीने मिलची दुर्बीण जवळ ओढली.

गेल्या वर्षी शेवटच्या दोन गोळ्या उरल्या असताना वारा फिरला होता. गोळी अर्धा मिल डावीकडे गेलेली तिला स्वच्छ दिसली. सांगायचं होतं पावणेदोन मिनिटं, घाईत तोंडून निघालं, "अर्धा, उजवीकडे!" गुणाकार राहूनच गेला. वहिनीने चकती अर्धंच मिनिट फिरवली, पुढची गोळीही डावीकडे गेली आणि हातातोंडाशी आलेला पहिला नंबर हुकला.

"तू अर्धाच म्हणालीस ना?" वहिनीने विचारलं होतं. सगळे बघत होते.

"छे, पावणेदोन म्हटलं मी," धाकटी बोलून गेली.

बोललेलं मग गिळता येईना. वहिनी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. कान ठणठणीत निघाले, तरी तेव्हापासून ती प्रत्येक आकडा दोनदोनदा विचारायची. दादा चेष्टेने तिच्याशी खाणाखुणांनी बोलायचा. ती हसायची, आणि धाकटी पानावरून उठून जायची.

मिस्त्रीने मिनिटांची दुर्बीण उचलली. नऊ दिवसांनी पुन्हा तोच वारा, तोच गुणाकार.

"थांबा. मिल घेऊ."

"का गं?"

"दोघींचं माप एक असलं की मी बघेन तेच सांगेन. गुणाकारच नको."

"अगं, माझी नेमाच्या आकड्यांची अख्खी वही मिनिटांत आहे! आणि गुणाकार म्हणजे तुझ्या हातचा मळ."

"नाही, वहिनी. गेल्या वर्षी मी अर्धाच म्हणाले होते. तुझे कान बरोबर होते."

मिस्त्रीला एकदम कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं.

वहिनीने मिनिटांची चकती एकदा फिरवून बघितली. "वर्षभर, धाकटे. वर्षभर मला वाटत होतं मी बहिरी व्हायला लागलेय."

"कितीदा सांगायला आले होते गं..."

"आलीस. बोलली नाहीस." मग कपाटाकडे वळून ती म्हणाली, "मिलची बसवा."

पुढचे आठ दिवस वहिनी तिच्याशी फक्त आकडे बोलली. पहिल्याच सरावात तिने जुन्या सवयीने चकती मिनिटांच्या हिशेबाने फिरवली. दहातल्या सहा गोळ्या लक्ष्यामागच्या मातीच्या ढिगात. धाकटीला वाटलं, खोटं बोलून एक स्पर्धा घालवली, आता खरं बोलून दुसरी घालवणार. दुकानात ती प्रत्येक पाकीट तीनतीनदा तपासू लागली.

स्पर्धेत त्या सातव्या आल्या. आकडा एकही चुकला नाही. चकती मात्र वहिनीने दोनदा जास्त फिरवली. धाकटी मान खाली घालून सामान आवरत राहिली.

"सातवा म्हणजे काही वाईट नाही," वहिनी रायफल पेटीत ठेवत म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही."

"माहितेय."

"मग उभी काय राहिलीस? ती बाजू उचल. जड आहे."

धाकटीने कडी धरली. दोघी पेटी घेऊन गाडीकडे निघाल्या.