चॅम्पियनच्या डाव्या हातातला पॅड

मी पॅड बोलतोय. लिहायचा नव्हे, हातात घालायचा. बॉक्सिंग शिकवणारा माणूस दोन्ही तळहातांवर छोट्या उशीसारखं काहीतरी चढवतो आणि पोरांना म्हणतो, "मार इथे!" तेच आम्ही. आम्ही जोडीनेच जन्माला येतो. मी डाव्या हाताचा, माझा भाऊ उजव्या हाताचा.

मार खाणं हा आमचा धंदा आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट थोडा गर्वच आहे. बाहेरून शिकणाऱ्याची मूठ बसते, आतून शिकवणाऱ्याचा तळहात टेकलेला असतो. दोघांमध्ये काय चाललं आहे ते माझ्याइतकं जवळून कुणालाच कळत नाही.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. वर चामडं, आत स्पंज, मागे हात घालायला पट्टा. तिथून आम्ही थेट राष्ट्रीय शिबिरात गेलो, एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाच्या हातात. तिथे रोज ज्यांच्या ठोशांनी माझं चामडं मऊ झालं त्यातला एक भुपेंद्र रहांगडाले, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा. त्याचा ठोसा बसला की म्हातारा दात विचकून हसायचा.

भुपेंद्र देशाचा चॅम्पियन झाला ती लढत मी कोपऱ्यातल्या पिशवीतून पाहिली. समोरच्याने त्याचा डावा डोळा पार सुजवला होता. म्हाताऱ्याच्या खांद्यावर टॉवेल होता. तो रिंगमध्ये टाकला की लढत थांबते आणि आपला माणूस हरतो. म्हाताऱ्याचा हात दोनदा टॉवेलकडे गेला आणि दोनदा मागे आला. भुपेंद्र पडला नाही, शेवटपर्यंत उभा राहिला आणि जिंकला. भोंग्यावरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "गिरता नहीं ये लड़का, गिरता नहीं!"

पदक मिळालं आणि डोळा गेला. आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, पण त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसं काही कळत नाही. भुपेंद्र शिबिर सोडून निघाला तेव्हा म्हाताऱ्याने आम्हा दोघा भावांना त्याच्या हातात दिलं. "मारना बहुत हो गया. अब पकड़ना सीख," एवढंच म्हणाला. त्याला भुपेंद्रच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

गोरेगावात आमचं स्वागत झालं ते खुंटीवर. मिरवणूक भुपेंद्रची निघाली आणि आम्ही बियाण्याच्या पोत्यांवर लटकत राहिलो. उंदरांनी माझ्या भावाचा स्पंज कुरतडला. खाली ओसरीत रोज एकच विषय चघळला जायचा: आता हा पोरगा करणार काय? धानाची शेती मोठा भाऊ बघत होता. चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडले होते. एक म्हणे, ट्रेनर होईल. दुसरा म्हणे, छे, कॉमेंट्री करेल. अर्ध्या गावाने तर बॉक्सिंग कधी पाहिलंही नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं.

भुपेंद्रचे वडील मुन्नालाल कॉमेंट्रीच्या पक्षाचे. त्यालाही कारण होतं. एकदा कबड्डीच्या सामन्यात कुणीतरी भुपेंद्रच्या हाती माईक दिला आणि लोक खेळ सोडून त्याचंच ऐकत बसले. आवाज खणखणीत, बोलणं गावचं, आणि जे दिसेल ते तोंडावर सांगायचा. "हा गडी घाबरला आहे, पाहा, पाय मांगं चालले त्याचे!" असं म्हणाला की लगेच हशा. मुन्नालालजी घरी येऊन म्हणाले, "बाबू, देवानं गळा देला आहे तुले. मार खाऊन झाला. आता बोलून खा."

तेवढ्यात गावातली वच्छलाबाई आपल्या पोरीला घेऊन आली. रुचिका तिचं नाव. कॉलेजात जाणारी, काटक, नजर खाली न घालणारी. वच्छलाबाई म्हणाली, "भुपेंद्रभाऊ, हे पोट्टी घरात भिंतीले ठोसे मारून रायली. भिंत तरी वाचवा." भुपेंद्र हसला आणि त्याने आम्हाला खुंटीवरून काढलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की काय सांगू!

बंद पडलेल्या एका राइस मिलच्या शेडमध्ये सराव सुरू झाला. आणि खरं सांगायचं तर चॅम्पियन भुपेंद्र ट्रेनर म्हणून अगदी कच्चा होता. आपल्याला जे सहज दिसतं ते समोरच्याला का दिसत नाही, हेच त्याला उमगायचं नाही. रुचिकाचा हात खाली आला की तो चटकन मलाच तिच्या गालावर हाणायचा. "दिसत नाई का तुले?" तिला खरंच दिसायचं नाही. तिचे डोळे भरून यायचे, पण ती उलट आणखी जोरात मारायची.

त्यात माझी पंचाईत वेगळीच. मी डाव्या हातात, आणि डावा डोळा असा. रुचिकाच्या उजव्या हाताचा ठोसा निघालेला भुपेंद्रला दिसायचाच नाही. मी उशिरा पोहोचायचो आणि ठोसा त्याच्या मनगटावर बसायचा. मनगट सुजलं तेव्हा त्याने नवीन युक्ती काढली. तो तिचा श्वास ऐकू लागला. ठोसा निघण्याआधी ती नाकातून हवा सोडते, हे त्याने कानाने पकडलं. मग हळूहळू त्याला आणखी पुष्कळ ऐकू येऊ लागलं. ती दमली कधी, घाबरली कधी, घरून भांडून आली कधी. गालावर हाणणं बंद झालं. "आज पुरे," असंही तो म्हणायला शिकला. त्याच्या तळहाताचा ताण कमी झालेला मला आतून जाणवत होता.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, दंडारीची लोकनाट्यं, पाहुण्यांची रीघ. यंदा मंडई कमिटीने दुपारी बॉक्सिंगच्या लढती ठेवल्या. गोंदियाहून टीना नावाची मुलगी येणार होती, दोन वर्षं जिल्ह्यात कुणाकडून न हरलेली. तिच्याशी रुचिकाची लढत ठरली. रुचिकाने एकच अट घातली, "सर, तुमी माह्या कोपऱ्यात पायजे." भुपेंद्रने शब्द दिला. कागदोपत्री कोपऱ्यात, म्हणजे पाणी पाजायला आणि गरज पडली तर टॉवेल टाकायला, नावही त्याचंच लागलं.

लढतीच्या दिवशी सकाळी कमिटीचे अध्यक्ष इंद्रकुमार घरी आले. त्यांचं किराण्याचं दुकान आणि मोठ्या लोकांत उठबस. त्यांनी नागपूरच्या एका क्रीडा वाहिनीच्या माणसाला मुद्दाम बोलावलं होतं, भुपेंद्रची कॉमेंट्री ऐकायला.

"मी पोरीच्या कोपऱ्यात बसतो म्हणून सांगून बसलो," भुपेंद्र म्हणाला.

"अरे भाई, चॅम्पियन मानूस बादली घेऊन खाली बसन का?" इंद्रकुमार कळवळून म्हणाले. "पावन्यासाईच्या देखत? लोकं माह्या तोंडात शेन घालतीन. तुमची जागा मंचावर आहे. पोरीले पानी तं तिची मायही पाजन."

यात कपट काडीचं नव्हतं. आमच्याकडे ज्याचा मान करायचा त्याला मंचावर बसवतात आणि त्याच्या हाती माईक देतात. तो खाली दिसला तर बोलावणाऱ्याची मान खाली जाते. भुपेंद्रने वडिलांकडे पाहिलं. मुन्नालालजींनी त्याच्यासाठी इस्त्री केलेला सदरा पलंगावर काढून ठेवलेला होता. भुपेंद्रला त्यांचं मन मोडवलं नाही.

म्हणून त्या दुपारी कोपऱ्यात वच्छलाबाई बसली, जिने जन्मात बॉक्सिंगची लढत पाहिली नव्हती. शेजारी पाण्याची बादली आणि स्टुलावर आम्ही दोघे भाऊ. सरांना मंचावर चढताना पाहून रुचिकाने तोंड फिरवलं.

पहिल्या फेरीत रुचिका छान लढली. भुपेंद्रची कॉमेंट्री तर त्याहून छान. भोंग्यातून त्याचा आवाज मैदानभर घुमत होता, लोक टाळ्या पिटत होते, नागपूरचा माणूस मान डोलावत होता. मुन्नालालजींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच इतका आनंद पाहिला.

दुसऱ्या फेरीत टीनाचा एक हूक कानाच्या वर बसला. डोक्यावर संरक्षक टोपी होती, तरी रुचिकाचं डोकं गर्रकन फिरलं. त्यानंतर ती जी लढत होती ती नुसती सवयीने. हात खाली आले, पाय भलतीकडे पडू लागले. टीनाचे ठोसे एकामागून एक बसत होते आणि ही पडत नव्हती. लोक चेकाळले. "रुचिका! रुचिका!" पंच नवखा होता. पोरगी उभी आहे, लोक खूश आहेत, त्याने लढत चालू ठेवली.

वच्छलाबाईने टॉवेल स्वतःच्या तोंडात कोंबला होता. तो टाकायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रुचिकाचा श्वास मला ऐकू येत होता. फाटलेला, तुटक. मंचावर तो कसा ऐकू जाणार? तिथे भुपेंद्रला त्याचा स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. "पाहा, पाहा! पडत नाई हे पोरगी! पडत नाई..."

आणि भोंगा एकदम गप्प झाला.

भुपेंद्र मंचावरून उडी मारून आला. त्याने टॉवेल शोधला, तो वच्छलाबाईच्या दातांत. मग हाताला लागलं ते त्याने उचललं आणि रिंगमध्ये भिरकावलं. ते म्हणजे मी. दोरावरून जाऊन मी दोघींच्या पायांत पडलो. टीना थबकली. मागे सरताना पंचाचा बूट माझ्यावर पडला आणि माझी शिवण टर्रकन उसवली. पंचाने दोन्ही हात वर केले. लढत संपली.

मग जो गोंगाट झाला तो विचारू नका. ज्या तोंडांनी जयजयकार चालला होता त्यांनीच शिव्या घातल्या. रुचिका दोर धरून किंचाळली, "मी पडली नाई ना सर! काऊन थांबवलं?"

"पडली असती तं पंचानं थांबवलं असतं," भुपेंद्र म्हणाला. त्याचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. "तू उभी रायली, म्हून मले यावं लागलं."

तिने ग्लोव्ह काढून त्याच्या अंगावर फेकले आणि आईचा हात धरून निघून गेली. नागपूरचा माणूस गाडीत बसताना इंद्रकुमारांना म्हणाला, "बोलता अच्छा है. मगर बीच में उठ जाता है." मुन्नालालजी पोराशी बोलेनासे झाले.

गोंदियाच्या डॉक्टरांनी रुचिकाला तपासलं. डोक्याला मार होता, सुदैवाने निभावलं. आणखी दोन-चार ठोसे बसले असते तर सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. वच्छलाबाईने हे भुपेंद्रला येऊन सांगितलं. रुचिका मात्र आली नाही.

भुपेंद्रने दाभण आणि सुतळी घेऊन मला स्वतः शिवलं. टाके वाकडेतिकडे आहेत. रोज सकाळी तो शेड उघडायचा, आम्हाला हातात चढवायचा आणि नुसता बसायचा. चुळबुळ नाही, चिडचिड नाही. तळहात तेवढे घामेजलेले असायचे. इतका घाम त्याला लढतानाही आलेला मी पाहिला नव्हता.

धान घरात येऊन पडलं, थंडी वाढली, तेव्हा एक दिवस ती दारात उभी राहिली. आत येईना.

"तुमच्या टायमाले कोनी टॉवेल टाकला नाई का?" तिने विचारलं.

"नाई."

"टाकला असता तं?"

भुपेंद्रने आम्हाला मांडीवर टेकवलं. "तं त्या मानसाले मी जन्मभर शिव्या देल्या असत्या."

"मंग मी बी देईन."

"दे ना," तो म्हणाला. "दोनी डोये शाबूत ठेवून दे."

तिने चपला दारात काढल्या. मग आत आली आणि खाली बसून हाताला पट्ट्या गुंडाळू लागली. अजून डॉक्टरांनी ठोसे खायची परवानगी दिलेली नाही, मारायची दिली आहे. त्यामुळे सध्या सगळा मार माझ्या वाट्याला येतो.

टपरीवर अजूनही विचारतात, हा ट्रेनर म्हणून यशस्वी होईल का? मला माहीत नाही. त्याच्या हाताखाली अजून एकही पदक आलेलं नाही, आणि मुन्नालालजींचा राग पुरता गेलेला नाही. पण पुढची लढत ठरली की कोपऱ्यात तोच बसणार, हे त्याने इंद्रकुमारांना त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच सांगून टाकलं आहे.

तुमच्या घरचं कुणी कधी रिंगमध्ये उतरलं, आणि मार खाऊनही पडत नसलं, तर टाळ्या वाजवण्याआधी जरा त्याच्या जवळ जा. मला आता परत फेकू नये असं वाटतं. माझी सुतळी कच्ची आहे, पुन्हा फेकलं तर मी फाटेन. पण वेळ आली तर खुशाल फेका.