शिजवलेला जवारा

गुढियारीत त्या अश्विनातल्या नवरात्रात पाय ठेवायला जागा नव्हती. नवं राज्य होऊन आमचं शहर राजधानी झालं, त्याला वर्ष होत आलं होतं. शंकर नगरात लाल दिव्यांच्या गाड्या धावत होत्या आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, बिसाहू बैगा हा मांत्रिक बायकांच्या कुशी तपासत होता. त्याही टोपलीतल्या मातीत!

मूल नसलेल्या आम्ही सहा जणी होतो. प्रत्येकीला टोपलीभर माती आणि मूठभर भिजलेले गहू, मातेपुढे जवारा उगवायला. चौघींना त्यानं पितळी गडव्यातले दिले, आम्हा दोघींना तांब्याच्या गडव्यातले, "खास कृपा" म्हणून.

"जिसकी कोख जागी, उसका जवारा जागेगा," बैगा डोळे फिरवून सांगे. "नहीं जागा, तो समझो टोनही ने बांधा!"

टोनही म्हणजे चेटकीण. गर्दी "हव, हव" करी.

पाचव्या दिवशी चार टोपल्या हिरव्या झाल्या. माझी आणि शंकर नगरच्या एका साहेबीणबाईंची भुंडीच राहिली. सोन्याच्या बांगड्याही आम्हा दोघींच्याच हातात होत्या, पण तिकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

"बांधनेवाली पास की है," बैगा घुमू लागला. "औरत है. तेरे आंगन में झांकती है. बोल पद्मिनी, किसका मुंह सामने आ रहा है?"

आता अंगणात शेजारीण नाही डोकावणार तर काय कलेक्टर डोकावणार? पण माझ्यासमोर चेहरा आला.

"शेवंताबाई," मी म्हणाले.

शेवंताबाई समोरच्या घरातली. नवरा धर्मपाल रेल्वेत होता. तो गेल्यापासून ती मटकी-मुगाला मोड आणून विकी. तिची सून भावना सातव्या महिन्यात होती. मी नऊ वर्षं उपास करत होते आणि ही कालची पोट्टी दीड वर्षात पोट घेऊन ओट्यावर चिंच चोखत बसायची. खरं सांगते, मी जळत होते. तिच्या दोरीवर लंगोट वाळतील या विचारानंही मला झोप लागत नसे.

शेवंताबाईला ओढून आणलं. बैगानं हुकूम सोडला की हिचे केस कापा, हिला पाऱ्याबाहेर काढा आणि पद्मिनीच्या बांगड्या मातेच्या पायी ठेवा. कोणीतरी कातर आणलीसुद्धा. भावना दारात उभी राहून रडत होती.

"काहून कापता रे? आधी मले टोपली तं पाहू द्या," शेवंताबाई म्हणाली.

तिनं माझ्या मातीतून एक दाणा उकरला, चिमटीत दाबला, हुंगला.

"हा शिजवलेला हाय. वीस वर्षं मोड काढून राहिली मी. जित्ता दाना असा पिठलं होत नाही."

"माता का कोप है!" बैगा किंचाळला.

"मंग मातेचेच गहू पाहू. तुह्या दोन्ही गडव्यांत उरलेले दे. दोन फडक्यात बांधते, नळाजवळ टांगते, साऱ्यायसमोर. तांब्याच्या गडव्यातल्याले मोड आले, तं कातर मीच मागते."

बैगा कुरकुरला. तेव्हा माझे यजमान नीलकंठ पुढे झाले. "दोन दिवसांत काय आभाळ कोसळते? थांबा न!" त्यांनी दोन्ही गडवे उचलून तिच्या हातात दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पितळी गडव्याच्या फडक्यातून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. तांब्याच्या गडव्याचं फडकं सोडलं आणि सगळ्यांनी नाकाला पदर लावला. बैगा कुठे होता? मातेनं त्याला आदल्याच दिवशी झोळीसकट दुर्गच्या बसमध्ये बसवलं होतं.

लोक हसत पांगले. मी मात्र नळाजवळच उभी होते. शेवंताबाई फडकी पिळत होती.

"पद्मिनी," ती वर न बघता म्हणाली, "गहू त्यानं शिजवले. माह्यं नाव कोनं शिजवलं?"



नंतर आम्ही दोघंही डॉक्टरकडे गेलो. हो, दोघंही, नऊ वर्षांत यजमानांना कोणी तपासलंच नव्हतं. भावनाला मुलगी झाली. माझ्या पोटात दुखलंच, पण मी बाळंतविडा घेऊन गेले.

बैगाला मंत्र येत नव्हता. त्याला फक्त एक प्रश्न येत होता: "कोणावर संशय आहे?" बाकी काम माझ्या मत्सरानं केलं. तुम्हालाही कोणी हा प्रश्न विचारील. त्या वेळी शेजारणीचं नाव घेऊ नका. आधी दाणा दाबून बघा.