तांबूचा कंगवा

मी एक जुना पोलादी कंगवा आहे. माझे तीन दात वाकलेत, मुठीवर गंज चढलाय. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव यावी असा जीव वेगळाच होता.

कारखान्यात माझ्या दातांची टोकं मुद्दाम बोथट केली होती, कातडीला टोचू नयेत म्हणून. तिथून मी एका शिंप्याच्या घरी आलो. त्याच्या लेकीने हट्ट करून सेटर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. तांबडे लांब केस, म्हणून नाव तांबू. शिलाई आणि संसार एकाच खोलीत. शिंप्याने बजावलं, "रोज विंचरायचं. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर एक केस दिसला, तर कुत्रा परत जाईल."

सेटर म्हणजे पायाला भिंगरी. रोज तासभर मैदानात उधळला नाही, तर घर डोक्यावर घेतो. मनाने मात्र लोणी. कुणी आवाज चढवला की हा टेबलाखाली. मैदानातून आला की मी त्याच्या कानांमागून, काखांतून फिरून गवताची कुसळं काढायचो आणि लेक त्याच्याशी गप्पा मारायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग लेकीला मैत्रिणी मिळाल्या, आणि मी मशीनच्या खणात, रिकाम्या रिळांखाली जाऊन पडलो. संध्याकाळी शिंपी मान न उचलता विचारायचा, "विंचरलं का गं?"

"विंचरलं, बाबा."

धडधडीत खोटं. मी खणात होतो, मला नाही कळणार तर कुणाला?

पुढे तांबू शांत झाला. उड्या नाहीत, धावणं नाही, कोपऱ्यात पडून राहायचा. "किती शहाणा झाला हो तुमचा कुत्रा," गिऱ्हाइकं म्हणायची. शिंपी खूश. गळलेले केस अंगावरच्या गुंत्यांत अडकून राहायचे, कपड्यांवर येत नव्हते, म्हणून लेकही निर्धास्त. पळणारा सेटर पळेनासा झाला तर तो आजारी असतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

त्याने खाणं सोडलं, तेव्हा कुठे डॉक्टर आठवले. "असा गबाळा कसा न्यायचा?" म्हणत शिंप्याने मला बाहेर काढलं. काखेपाशी मी अडकलो. जन्मभर दोऱ्याचे गुंते सोडवलेली त्याची बोटं जागीच थांबली. गुंत्याखाली जखम होती. माझ्या दातांना पू लागला. मला तसाच खिशात कोंबून त्याने तांबूला उचललं.

डॉक्टर म्हणाले, "कुसळ शिरलंय. सरकत सरकत छातीत गेलंय. फार उशीर केलात. रोज विंचरत नव्हता का?"

"रोज विंचरते ही," शिंपी म्हणाला.

लेकीची नजर त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या माझ्यावर होती. "नाही बाबा. मी नुसतंच म्हणत होते."

तांबूने तिचा हात चाटला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी असा लांब केसांचा जीव असेल, तर नुसतं विचारून थांबू नका. त्याच्या कानांमागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात स्वतःचा हात घाला.

मी आता मशीनजवळच्या खिळ्यावर टांगलेला असतो. अजूनही एखाद्या संध्याकाळी सवयीने शिंप्याच्या तोंडून निघून जातं, "विंचरलं का गं?" मग मशीन थांबतं, आणि बराच वेळ सुरू होत नाही.