चौथ्या टप्प्यावरचा दिवा

मास्तरांनी रायफलला डावा डोळा लावला आणि झटकन मागे घेतला. रायफलच्या दुर्बिणीतला नेमाचा ठिपका अंधारात बघायच्या चष्म्यातून मोहरीएवढा दिसायला हवा. इथे नेम तपासायला समोर ठेवलेला अख्खा पुतळा ठिपक्याच्या उजेडात बुडून गेला होता.

आता या माणसाने वनखात्याच्या शस्त्रखोलीत एकतीस वर्षं दुर्बिणी जुळवल्या. चष्मा चढवून नेम धरायचा, तर ठिपक्याचा दिवा दुसऱ्या टप्प्यावर, हे ते झोपेतही सांगतील. पण सकाळी उजव्या डोळ्याला ठिपका दिसेचना. दिवा मंदावला असेल, अशी स्वतःचीच समजूत घालून त्यांनी दोन्ही रायफलींना चौथा, जास्त उजेडाचा टप्पा लावला. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या डोळ्याचा पडदा गेला, आता सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. हे त्यांनी बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि अधू डोळ्याच्या माणसाला इथे कोण ठेवणार? आत्ता उजव्याला पाणी सुटलं, म्हणून काळ्या पडद्याआडच्या अंधारात ही दुसरी रायफल त्यांनी डाव्याने तपासली, इतकंच.

पहिली रायफल याच खात्यात असलेल्या त्यांच्या भाचीकडे गेली होती. दोन माणसांना फाडणाऱ्या अस्वलाला आज अंधार पडल्यावर बेशुद्ध करायचं होतं. औषधाची सुई एकच आणि अंतर वीस पावलांचं. नेम हुकला, तर अस्वल सरळ तिच्या अंगावर येणार. दिव्याच्या खटक्यावर मास्तरांच्या सहीची चिकटपट्टी होती. मास्तरांची पट्टी कोणी सोडून बघत नसे, एवढा भरवसा.

ते धापा टाकत अंगणात आले, तेव्हा जीप सुरू झाली होती. त्यांनी बोनेटवर थाप मारली, रायफल मागून घेतली आणि सगळ्यांदेखत पट्टी फाडली. भाची रायफल घेऊन पडद्याआड गेली, दिवा स्वतः दुसऱ्या टप्प्यावर आणून बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

पट्टी फाडली की वहीत कारण लिहावं लागतं. जीपपाशी उभ्या असलेल्या वनखात्याच्या साहेबांनी वही पुढे केली आणि हळूच म्हणाले, "खटका सैल होता, असं लिहा ना."

मास्तरांना मोह झाला, खोटं कशाला बोला. पण उद्याची रायफलही त्यांच्याच हातात येणार होती.

त्यांनी लिहिलं : माझ्या उजव्या डोळ्याला दिसत नाही.

भाचीने ते वाचलं. "मामा, कधीपासून?"

"तू नीघ. उजेड आहे तोवर पोहोचायला हवं," ते म्हणाले.

जीप निघाली. मास्तरांनी तळहाताने डावा डोळा झाकून पाहिलं. फाटकापर्यंत पोहोचण्याआधीच जीप नाहीशी झाली. त्यांनी घाईघाईने हात काढला, तर मागच्या सीटवरून भाची मान वळवून त्यांच्याचकडे बघत होती.